जोधपूरचं राव जोधा पार्क आणि आमचा चार रात्रींचा निवांत प्लॅन

जानेवारीत आम्ही तिघं जोधपूरला जाऊन आलो, मी, नवरा आणि माझी मोठी बहीण, आणि आल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की कुठे राहिलात, काय बघितलं, तिथे चालायला खरंच काही आहे का की नुसते किल्ले आणि उंट, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. रिव्ह्यू मुख्यतः राव जोधा डेझर्ट रॉक पार्कचा आहे आणि तिथल्या गाईडबरोबर केलेल्या वॉकचा, पण तो वॉक आम्ही कसा बसवला, दिवसातला बाकीचा वेळ काय केलं हेही सांगते, कारण माझ्या मते त्याच्यावरच सगळं ठरतं. घाईत एका तासात उरकलं असतं तर मला हे पार्क कळलंच नसतं.

आधी थोडं आमच्याबद्दल. मी आणि नवरा कोथरूडला राहतो, रोज सकाळी वेताळ टेकडी, पावसाळ्यात सह्याद्रीत दोन-तीन ट्रेक, म्हणजे सुट्टी म्हणली की आम्हाला पायाखाली वाट लागते. ताईचं वेगळं होतं. तिनं दोन वर्षं सासूबाईंचं आजारपण काढलं, अंथरुणावरचं सगळं, रात्री-बेरात्री उठणं, आणि दिवाळीच्या आधी सासूबाई गेल्या. त्यानंतर ती एवढंच म्हणली, "मला कुठेतरी नुसतं बसायचंय. आणि तिथे ओल नको, गर्दी नको, कुणी काही विचारायला नको." त्यात तिचा उजवा गुडघा दुखरा. मला चालायचं होतं आणि तिला बसायचं होतं, हे दोन्ही एका ट्रिपमध्ये कसं जमवायचं यावर महिनाभर आमचं डोकं चाललं होतं. कोकण झालं, महाबळेश्वर झालं, मग नवराच म्हणला की वाळवंटात जाऊ, थंडीत तिकडे हवा कोरडी आणि ऊन छान असतं.

पुण्यातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो तर त्यांनी लगेच पाच दिवसांचं पॅकेज समोर ठेवलं, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर आणि परत जोधपूर. मी तिथेच बसून मोबाईलवर अंतरं बघितली, जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर, तिथून बिकानेर तीनशेच्या वर, आणि बिकानेर-जोधपूर परत अडीचशे. पाच दिवसांत साडेआठशे किलोमीटर गाडीत बसून काढायचे आणि मधे मधे उतरून फोटो. मी त्यांना विचारलं की एकाच गावात चार रात्री ठेवून देता का, तर ते म्हणाले, मॅडम जोधपूरमध्ये चार रात्री काय करणार, तिथे एक दिवस पुरतो. आम्ही उठून आलो आणि सगळं स्वतःच बुक केलं. ज्यांना तीन शहरं बघायचीत त्यांनी जरूर बघावीत, जैसलमेरचा किल्ला मलाही बघायचाच आहे, पण थकलेल्या माणसाला घेऊन जाताना एकच गाव, एकच खोली आणि रोज तोच चहावाला हे फार मोलाचं असतं.

राहिलो जुन्या शहरात, तूरजी का झालरा म्हणून जी बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, आहे तिच्याजवळच्या एका घरगुती गेस्टहाउसमध्ये. जुनी हवेली, चार-पाच खोल्या, वर गच्ची आणि गच्चीवरून समोर मेहरानगड असा उभा की मान वर करूनच बघायला लागतं. खालचा खडक कुठे संपतो आणि किल्ल्याची भिंत कुठे सुरू होते ते पहिल्या दिवशी तर कळेचना. पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम काहीही केलं नाही. प्रवासाचा शीण होता, दुपारी पोचलो, आंघोळ केली आणि गच्चीवर गाद्या टाकून पडलो. ताई उन्हात पडल्या पडल्या दोन तास गाढ झोपली, भर दुपारी, तोंडावर ओढणी घेऊन. नवरा हळूच म्हणाला की दोन वर्षांत तिला असं झोपलेलं बघितलं नव्हतं. तिथेच मला वाटलं की ट्रिपचे पैसे वसूल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क. वॉक आम्ही आधी कळवून ठरवला होता. एक सूचना म्हणजे रिक्षावाल्याला नुसतं 'किला' म्हणू नका, आम्हाला त्यानं किल्ल्याच्या मुख्य दारात सोडलं आणि तिथून परत उलटं यायला लागलं, त्यामुळे 'राव जोधा पार्क, सिंघोरिया पोळ' असं स्पष्ट सांगा. सिंघोरिया पोळ हा जुन्या शहराचा सतराव्या शतकातला दरवाजा आहे आणि त्याच्यातच पार्कचं व्हिजिटर सेंटर केलंय. नवीन काही बांधलं नाहीये, जुनी दगडी कमान, आत थंडगार खोल्या, त्यात खडकांची आणि झाडांची माहिती मांडलेली. ताई तिथल्या दगडी बाकावर बसली आणि म्हणली तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते. गाईडनं तिच्या गुडघ्याकडे बघून विचारलं कुठे दुखतंय, आणि म्हणाला, "दीदी, पहले दस मिनट चलिए, मन नहीं किया तो मैं खुद वापस छोड़ दूँगा." ती उठली. दहा मिनिटांचे अडीच तास झाले आणि ती परत आली नाही, आमच्याबरोबर शेवटपर्यंत होती.

आता पार्कची गोष्ट सांगते कारण ती माहीत नसेल तर समोर नुसता खडक आणि काटे दिसतील. मेहरानगडच्या भोवतीचा हा साधारण सत्तर हेक्टरचा खडकाळ भाग आहे. कितीतरी वर्षं इथे एकच झाड माजलं होतं, वेडी बाभूळ. आपल्याकडे सोलापूर, मराठवाड्याकडे गेलं की रस्त्याच्या कडेला जे रान माजलेलं दिसतं तेच ते. तिकडे त्याला बावळिया म्हणतात, म्हणजे वेडाच, नावसुद्धा सारखंच पडलंय दोन्हीकडे हे मला फार गमतीशीर वाटलं. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. 1930 च्या दशकात त्यावेळच्या महाराजांनी, उमेदसिंहांनी, मारवाड हिरवा व्हावा म्हणून त्याच्या बिया विमानातून टाकल्या असं तिथे सांगतात. हेतू चांगलाच होता, पण या झाडानं दुसऱ्या कुणाला जगू दिलं नाही, मुळं खडकाच्या भेगांत खोल गेली, आणि वरून तोडलं की दुप्पट जोमानं फुटतं.

2006 मध्ये मेहरानगड म्युझियम ट्रस्टनं हे सगळं काढून मूळची वाळवंटी झाडं परत आणायचं ठरवलं आणि ते काम प्रदीप क्रिशन यांच्याकडे दिलं, ते आधी सिनेमे करायचे आणि मग झाडांकडे वळले. गाईडनं सगळ्यात छान सांगितला तो भाग म्हणजे ही वेडी बाभूळ शेवटी काढली कुणी. खडक न फोडता मुळं काढायची कशी हे कुणाला जमेना, तेव्हा जोधपूरच्या दगडाच्या खाणीत पिढ्यानपिढ्या काम करणारे खांडवालिया लोक आले. ते खडकावर हातोडीनं ठोकतात आणि आवाज ऐकून सांगतात की आत भेग कुठून गेलीय, मग छिन्नी-हातोड्यानं बरोबर तेवढाच भाग उकरून मूळ हातभर खोलीपर्यंत काढतात. आणि मूळ काढल्यावर जो खड्डा उरला त्याच खड्ड्यात देशी झाड लावलं. आमच्या गाईडनं एका ठिकाणी बसून दगडानं खडकावर ठोकून दाखवलं, एकदा इथे, एकदा वीतभर पलीकडे, आणि आवाज खरंच वेगळा येतो, इथे टणक आणि तिथे जरा पोकळ. ताईनंही ठोकून बघितलं. मग मीही. तिघं-चौघं मोठी माणसं खडकाला कान लावून बसलो होतो बराच वेळ.

2011 मध्ये पार्क लोकांसाठी उघडलं. आत वेगवेगळ्या रंगांच्या खुणा केलेल्या वाटा आहेत, एकेक साधारण किलोमीटरभराची, काही जास्त चढउताराच्या आणि काही सोप्या. सिंहगड रोज चढणाऱ्याला हे अंतर काहीच नाही, हे आधीच सांगते, ज्याला घाम गाळायचाय आणि घड्याळात पावलं मोजायचीत त्याचं इथे समाधान व्हायचं नाही. आमचा अडीच तासांत दीड-दोन किलोमीटरचा पल्ला झाला असेल. पण मी आजपर्यंत जेवढे ट्रेक केलेत त्यात इतकं बघत चाललेला हा पहिलाच.

सुरुवात होते एका खोल घळीतून. खरं तर ती घळ माणसांनीच खोदलेली आहे, आजूबाजूच्या उघड्या खडकावर पडणारं पावसाचं पाणी किल्ल्याखालच्या तलावाकडे न्यायला केलेला जुना कालवा. दोन्ही बाजूंना लालसर-जांभळा खडक उभा, त्यावर छिन्नीचे घाव अजून दिसतात, आणि खाली सपाट वाट, सावली, गारवा. गुडघेदुखीवाल्यांसाठी हाच भाग सगळ्यात सोपा. वाळवंटात पाणी किती जपून वापरायचे हे पुस्तकात वाचतो आपण, पण एवढ्या कठीण खडकात एवढा लांब चर फक्त पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून खोदलाय हे त्याच्या आतून चालताना समजतं. ताई मधेच थांबून भिंतीवरून हात फिरवत होती.

खडकाबद्दल एक सांगायचंच आहे. आपण सह्याद्रीवाले, आपला काळा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा म्हणून आपल्याला त्याचं केवढं कौतुक. इथला खडक रायोलाइट, तोही ज्वालामुखीचाच, पण सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपला राजगड, हरिश्चंद्रगड जन्मालाही आले नव्हते तेव्हा हा खडक म्हातारा झाला होता. त्याच्यावर नंतर बसलेला वाळूचा दगड, तोच फिकट तांबडा दगड जो जोधपूरच्या घराघरात दिसतो आणि ज्यानं किल्ला बांधलाय. हा जुना खडक आणि त्याच्यावरचा नवा दगड जिथे एकमेकांना भेटतात ती जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलीय. नवऱ्याला खडकांचं वेड, तो तिथून हलेना. त्याला ओढूनच पुढे न्यावं लागलं.

घळीतून वर आलं की मग उघडं माळरान आणि तिथे झाडं. पहिल्यांदा दिसतो तो थोर. आपल्याकडे शेताच्या बांधाला असतो त्याच्याच नात्यातला, पण इथे खडकावर त्याची मोठी मोठी झुडपं, जानेवारीत एकही पान नाही, नुसत्या हिरव्या काटेरी दांड्या. गाईड म्हणाला की पाऊस पडला की याला पानं फुटतात आणि पाणी संपलं की हे पानं टाकून देतं, बाकीचं सगळं दांडीवर भागवतं. मग केर, आपल्याकडे ज्याला नेपती म्हणतात, त्यालाही पानं नाहीतच म्हणा ना, हिरव्या काड्यांचा नुसता गुंता. याचीच हिरवी फळं केर-सांगरीच्या भाजीत. गुग्गुळ बघितला, आपण घरात धूप घालतो, औषधात नाव वाचतो, पण झाड आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, एवढंसं, वेडंवाकडं, कागदासारखी साल सुटलेली. डिंक काढून काढून हे झाड आता रानातून संपत चाललंय. रोहिडा, म्हणजे रक्तरोहिडा, अजून फुलला नव्हता, थंडी संपता संपता केशरी फुलतो म्हणे आणि तेच राजस्थानचं राज्यफूल आहे.

आणि खेजडी. गाईड खेजडीबद्दल बोलायला लागला तेव्हा ताई पानं हातात घेऊन म्हणाली, अगं ही तर शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. गाईडला सांगितलं तर तो इतका खूश झाला, म्हणाला आमच्याकडेही दसऱ्याला खेजडी पुजतात. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, पाला शेळ्या-उंटांना, सावली माणसांना, आणि तिच्याखाली पीकही मरत नाही. या एका झाडावर मारवाडची कितीतरी गावं दुष्काळात जगली. पुण्यात शमी म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत मिळणारी जुडी, एवढाच आमचा संबंध होता.

मला सारखी आमची वेताळ टेकडी आठवत होती. तिथेही वर्षानुवर्षं ग्लिरिसिडिया लावलाय, उंदीरमारी म्हणतात तो, भराभर वाढतो आणि लांबून टेकडी हिरवी दिसते, पण त्याच्याखाली आपलं गवत, आपली झुडपं, त्यावरचे पक्षी हे सगळं मागे हटतं. आणि टेकडीवर जुनी दगडाची खाणही आहे. जोधपूरचं हे काम बघताना मला आत कुठेतरी फार हललं, कारण इथे कुणीतरी आधी विचारलं की या खडकावर मुळात काय वाढायचं, आणि मग तेवढंच लावलं. पुण्यात टेकड्यांवर प्रेम करणारी इतकी माणसं आहेत, झाडं लावायला दर पावसाळ्यात खड्डे खणणारी, त्यातल्या प्रत्येकानं एकदा इथे यावं असं मनापासून वाटतं.

चढावर एका जागी गाईडनं आम्हाला बसवलं आणि म्हणाला आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. समोर देवकुंड तलाव, पलीकडे जसवंत थडा या राजघराण्याच्या स्मारकाचा पांढरा संगमरवर, डोक्यावर किल्ला आणि किल्ल्याभोवती घिरट्या घालणाऱ्या घारी. खाली शहरातून हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, देवळातली घंटा असं सगळं ऐकू येतं पण लांबून. पाच मिनिटं झाली तरी कुणी उठलं नाही. गाईडही नाही. चांगला गाईड कसा असतो हे मला तिथे कळलं, त्याला सगळ्या झाडांची नावं माहीत होती पण त्यानं ती धडाधडा म्हणून दाखवली नाहीत, आम्ही विचारायची वाट बघितली. माझा आग्रह आहे की पहिल्या खेपेला गाईड घ्याच, खर्चात काटकसर करायची तर दुसरीकडे करा.

आम्ही तिसऱ्या दिवशी परत गेलो, यावेळी गाईडशिवाय, आणि तेव्हा आदल्या दिवशी शिकलेलं सगळं स्वतःचं स्वतः ओळखायला मिळालं. चार रात्री एकाच गावात असल्याचा हा फायदा. ताई घळीत सावलीला बसून राहिली, आम्ही दोघं लांबच्या वाटेनं फिरून आलो. पार्कच्या नर्सरीत देशी रोपं असतात, मला गुग्गुळ घ्यायचा फार मोह झाला होता पण पुण्याच्या पावसात तो कुजेल म्हणून नाही आणला.

तयारीबद्दल. जानेवारीत पहाटे थंडी चांगली कडाक्याची असते, स्वेटर-शाल लागते, आणि दहा वाजले की तोच स्वेटर कमरेला बांधायला लागतो. सावली घळ सोडली तर जवळपास नाहीच, तेव्हा टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड तळाचे बूट. काटे फार आहेत, कॅनव्हासच्या बुटातून आत येतात, नवऱ्यानं अनुभव घेतला. पाण्याचं सह्याद्रीवाल्यांनी नीट ऐका, आपल्याला घाम दिसला की तहान आठवते, इथे हवा इतकी कोरडी की घाम अंगावर राहतच नाही, उडून जातो आणि आपल्याला वाटतं आपण दमलोच नाही. वॉकच्या पहिल्या दिवशी मी जेमतेम अर्धा लिटर प्यायले आणि दुपारी डोकं असं धरलं की विचारू नका. नंतर माणशी दीड-दोन लिटर आणि एक ओआरएसची पुडी. ओठांना तूप किंवा बाम, अंगाला खोबरेल तेल रात्री झोपताना. उन्हाळ्यात जायचा विचारही करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, आणि हिरवळ बघायची तर पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरला.

दुपारी बारा ते चार आम्ही कुठेच गेलो नाही, एकाही दिवशी. जेवण, झोप, गच्ची, पुस्तक. संध्याकाळी बावडीवर जाऊन पायऱ्यांवर बसायचं. तूरजी का झालरा 1740 च्या सुमारास महाराजा अभयसिंहांच्या राणीनं बांधली, तांबड्या दगडाच्या उतरत्या पायऱ्या, किती वर्षं ती गाळानं आणि कचऱ्यानं भरली होती, आता उपसून साफ केलीय आणि पाण्यात मासे दिसतात. तिथली मुलं वरच्या कठड्यावरून पाण्यात उड्या मारतात, ताईचा श्वास प्रत्येक उडीला अडकायचा आणि तरी ती रोज तिथेच जाऊ म्हणायची.

खाण्याचं थोडक्यात, घंटाघराकडे मिरची वडा खाल्ला, आपल्या भज्यातल्या मिरचीशी त्याचा काही संबंध नाही, जाड कमी तिखट मिरची, आत बटाट्याचं आंबट सारण, वर जाड बेसन, एक खाल्ला की जेवण झालं. प्याज कचोरी गरमच खा. मखनिया लस्सी चमच्यानं खायची असते. पण मला सगळ्यात आवडली ती गेस्टहाउसमधल्या काकूंनी केलेली राब, बाजरीचं पीठ ताकात शिजवलेलं, म्हणजे आपली आंबीलच की. ताईचं पोट बरेच महिने बिघडलेलं होतं, ती दोन दिवस राब आणि बाजरीची भाकरी एवढ्यावरच राहिली आणि तिला बरं वाटलं. काकू रोज विचारायच्या, "बाईसा, आज नींद आई?"

चौथ्या दिवशी गाडी करून खेजडली या गावाला गेलो, जोधपूरपासून पंचवीस-एक किलोमीटर. खेजडी बघितल्यावर हे बघायचंच होतं. 1730 मध्ये महाराजा अभयसिंहांच्या माणसांनी चुन्याच्या भट्टीसाठी खेजडीची झाडं तोडायला सुरुवात केली तेव्हा झाडं आणि प्राणी जपणाऱ्या बिश्नोई पंथाच्या अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या, "सिर साटे रूंख रहे, तो भी सस्तो जाण" म्हणाल्या, म्हणजे डोकं देऊन झाड वाचत असेल तरी ते स्वस्तच समजा, आणि त्या, त्यांच्या मुली आणि मग गावोगावचे बिश्नोई मिळून 363 माणसांनी जीव दिला. तेच अभयसिंह ज्यांच्या राणीच्या बावडीवर आम्ही रोज संध्याकाळी बसत होतो, हे तिथे स्मारकापाशी उभं राहिल्यावर लक्षात आलं आणि आम्ही तिघंही गप्प झालो. तिथे सुंदर खेजडीची झाडं आहेत, शांत आहे, दुकानं फारशी नाहीत. जवळच गुढा बिश्नोईच्या तलावापाशी काळवीट बघितले, अगदी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, माणसाला न घाबरता चरत होते.

एकच निर्णय चुकला तो सांगते. त्याच दिवशी संध्याकाळी वाळूच्या टेकड्या बघायच्या म्हणून ओसियांकडे एका कॅम्पला गेलो, तिकडचं मंदिर जुनं आणि फार सुंदर आहे, ते बघून खूप बरं वाटलं, पण कॅम्पवर पोचलो तर डीजे, जीप वाळूत गरागरा फिरवणं, आणि जेवायला दोन तास उशीर. बुकिंग करताना फोनवर मी तीनदा विचारलं होतं की शांत आहे ना, तर एकदम शांत म्हणाले होते. ताईचं डोकं दुखायला लागलं आणि आम्ही न जेवताच परत आलो, पैसे काही परत मिळाले नाहीत. वाळूच बघायची असेल तर दिवसा जाऊन या, किंवा आधी तिथे राहून आलेल्या कुणाशी तरी बोलून घ्या. शांततेसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नव्हती, ती आमच्या गच्चीवर होतीच.

मेहरानगडबद्दल मी काही लिहिलं नाही कारण त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, राव जोधांनी 1459 मध्ये पाया घातला, आतलं म्युझियम नीट बघायला अर्धा दिवस द्या, लिफ्टही आहे, ताई लिफ्टनंच वर गेली.

पार्कला माझ्याकडून पाचपैकी पाच. चालायला आणि आराम करायला दोन्ही जमेल अशी जागा शोधत असाल, घरात एखाद्याचे गुडघे दुखत असतील आणि दुसऱ्याला पाय मोकळे करायचे असतील, तर जोधपूरला चार रात्री ठेवा, सकाळी पार्क, दुपारी झोप, संध्याकाळी बावडी, एक दिवस खेजडली. रेल्वेचं रिझर्वेशन मात्र लवकर करा, थंडीत पुण्याहून तिकडची तिकिटं पटकन संपतात.

थोराला पानं फुटलेली आम्ही बघितली नाहीत. परत आल्यावर दोन आठवड्यांनी ताईचा फोन आला, म्हणाली मी शाळेत ऑगस्टची रजा टाकलीय, तू बघ तुझं.